वंशावळीचे वाचन

वंशावळीला इतिहासकारांनी साक्षीदार म्हणून अनेकदा पाचारण केले. वाङ्मयप्रकार म्हणून तिची विचारपूस मात्र क्वचितच झाली. या दृष्टीने भोसले कुळाच्या दोन वंशकथा शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली बंगळूरची. १६३८ साली हे ठाणे आदिलशाहीने जिंकले व पुढे ते शहाजीकडे जहागिरीत आले. शहाजीचा आश्रित कवी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. राजवाड्यांनी तो १९२२ साली प्रसिद्ध केला. त्यात शहाजीचे मूळ राण्यांच्या कुळाशी जोडलेले आहे. दुसरी कथा तंजावरची. शहाजीचा पुत्र व्यंकोजी बंगळुराहून तेथे गेला व त्याने गादी स्थापिली. त्याच गादीवरील दुसऱ्या सरफोजीने १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कुळाचा वृत्तान्त मराठीत कोरविला.

या कथा कोणाला हव्या होत्या? शहाजी पराक्रमी खरा, परंतु चाकरी सुलतानाची. जे थोरपण कोणतीही सनद देऊ शकत नव्हती, ते कवीने कुळाच्या द्वारे दिले. सरफोजी तर तुळजाजीचा दत्तक पुत्र. १७८७ साली तुळजाजी वारल्यावर गादी अमरसिंगाकडे गेली. सरफोजीला ती १७९८ साली लाभली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. हक्क वादातून आलेला, सत्ता हातची गेलेली. अशा वेळी पूर्वजांना दगडाचा आधार लागतो.

तात्पर्य, वंशावळ मूळ पुरुषापासून खाली लिहिली जाते, पण वाचावी ती शेवटच्या नावापासून वर. तिचा खरा नायक आद्य पूर्वज नव्हे, ती लिहवून घेणारा वंशज होय. राण्यांशी जोडलेले नाते खरे की खोटे, याचा निर्णय अन्य कागदपत्रांनी करावा. तथापि त्या निर्णयाने या रचनेचा अर्थ संपत नाही.

चंपूत आणखी एक गोष्ट आहे. वंशकथा उत्तरेकडे बोट दाखविते. त्याच ग्रंथातील नाना भाषांतील कवने मात्र शहाजीची सभा किती भाषांत नांदत होती हे सांगतात. कुळ रक्ताचा एकच धागा दाखविते, ग्रंथ अनेक धाग्यांनी विणलेला आहे. कर्नाटकात व तमिळ देशात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली मराठी घराणी आज आपले मूळ शोधतात, तेव्हा त्यांनी गावाच्या व गोत्राच्या नावापाशी थांबू नये. घरात कोणकोणत्या भाषा आल्या आणि कोणती टिकली, हीदेखील वंशावळच आहे.