आपत्तीची स्मृती : आघात आणि कथन

तीव्र भावनिक धक्क्यामुळे प्रसंग तरुण मनावर कायमचा कोरला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. उल्रिक नाइसर व सहकाऱ्यांचा १९९६ मधील अभ्यास या समजाला छेद देतो. कॅलिफोर्नियातील १९८९ चा लोमा प्रिएटा भूकंप प्रत्यक्ष अनुभवलेल्यांची त्या प्रसंगाची आठवण दीड वर्षानंतरही जवळजवळ अचूक होती; दूर अटलांटात केवळ बातमी ऐकलेल्यांची तशी नव्हती. मात्र स्वतः नोंदविलेली भावनिक तीव्रता आणि आठवणीची अचूकता यांत ठळक संबंध आढळला नाही. म्हणून अभ्यासकांनी अनुभवाच्या वारंवार कथनाकडे लक्ष वेधले.

हे विवेचन मोलाचे असले तरी त्याची मर्यादा स्पष्ट आहे. येथे तपासली गेली ती हादऱ्याच्या क्षणाची स्मृती, आप्तवियोगाची नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि अनेक गावे नव्या जागी वसवावी लागली. ज्या मुलाने ऐकणारे घरच गमावले, त्याने कथन कोणापुढे करावे? कथनाने स्मृती टिकते असे मानल्यास, श्रोता कोणाला लाभला हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे. अन्यथा अशा मुलाच्या मौनाची नोंद विस्मरण म्हणून होईल, आणि तो त्याच्यावर दुसरा आघात ठरेल.