गुडघ्यातील कूर्चा आणि तुलनेचा धडा

मोडलेले हाड काही आठवड्यांत जुळून येते; मग झिजलेली कूर्चा का भरून येत नाही? सांधे शिकवताना हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर कूर्चेच्या (म्हणजेच कास्थीच्या) रचनेत आहे. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. पेशी थोड्या, आणि त्याही स्वतःच विणलेल्या तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या. जखम झाली तरी तेथे रक्त पोहोचत नाही, त्यामुळे दुरुस्तीचे सामानही पोहोचत नाही. एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच नोंदवले होते.

शल्यविशारदांनी यावर दोन मुख्य वाटा शोधल्या. पहिली सोपी : कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडायची. मज्जेतील रक्त व पेशी वर येतात, गुठळी होते आणि खड्डा भरतो. मात्र भरतो तो बहुतांशी तंतुमय कूर्चेने. ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. दुसरी वाट महागडी : रुग्णाच्याच निरोगी कूर्चेचा तुकडा काढून त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्ड्यात सोडायच्या.

या दुसऱ्या पद्धतीचा स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन व सहकाऱ्यांचा निबंध १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. रुग्ण २३. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण आला होता. गुडघ्याच्या वाटीवर खड्डा असलेल्या सातांपैकी मात्र दोघांनाच. कल्पना सुंदर आणि काम कष्टाचे, यात शंका नाही. पण निबंधात एक मोठी उणीव होती : तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. हे १४ जण पेशींमुळे सुधारले, की विश्रांती, व्यायाम आणि काळ यांमुळे? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नाही, हे कशावरून?

नॉर्वेतील संशोधकांनी ही तुलना केली. ८० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांच्या हाडाला छिद्रे पाडली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत पेशींची सरशी दिसली नाही. २०१६ साली पंधरा वर्षांचा हिशेब आला : पेशींच्या गटात १७ शस्त्रक्रिया अयशस्वी, छिद्रांच्या गटात १३. हा फरकही संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. उरलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या क्ष-किरण चित्रांत संधिवाताची सुरुवात दिसली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेशी पातळ पडद्यावर वाढवून बसवण्याच्या नव्या पद्धतीची १४४ रुग्णांवरील चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात मोठ्या खड्ड्यांसाठी ही पद्धत दोन वर्षांनी छिद्रांपेक्षा सरस ठरली. पण आपल्यावर कोणता उपचार झाला, हे रुग्णांना ठाऊक होते, आणि वेदना किती हे सांगणारे तेच होते. शिवाय या दोन्ही चाचण्यांत शस्त्रक्रिया न केलेला गट नव्हता.

तो गट किती महत्त्वाचा असतो, हे अमेरिकेत २००२ साली दिसले. गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांवरील चाचणीत काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला किंवा साफ केला, तर काहींच्या त्वचेवर नुसते छेद घेतले. दोन वर्षांनंतरही खऱ्या शस्त्रक्रियेचा गुण लुटुपुटुच्या शस्त्रक्रियेहून अधिक नव्हता !

येथे एक भेद विसरू नये. पेशींचे उपचार मुख्यतः तरुणांच्या मर्यादित खड्ड्यांसाठी आहेत. उतारवयात सगळा सांधा झिजतो तेव्हा ते लागू पडत नाहीत. ‘नवी कूर्चा’ हे शब्द ऐकून घरातील वडीलधारी माणसे आशेने पैसे मोजायला निघतात, तेव्हा हा भेद सांगणारे कुणी जवळ हवे.

आपल्या विद्यार्थ्यांना कूर्चेची व्याख्या पाठ असतेच. त्यांना आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावू या : ‘गुण आला, पण कशाच्या तुलनेत?’