सायीच्या रंगाची भांडी : दायमाबाद आणि वेजवुड

प्रस्तावना
मातीच्या भांड्यांचा अभ्यास आपल्याकडे पुरातत्त्वाकडे सोपविला गेला. कलासमीक्षेने त्याची फारशी दखल घेतली नाही. प्रस्तुत लेखात दोन भिन्न काळांतील सायीच्या रंगाच्या भांड्यांच्या आधारे या उणिवेचा विचार केला आहे. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. तुलना आहे ती त्यांच्या मूल्यमापनाच्या रीतीची.

राजाश्रयाचे नाव
अठराव्या शतकात इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात फिकट माती आणि चकमकीच्या दगडाची पूड यांच्या मिश्रणातून भांडी घडवून त्यांवर शिशाची पारदर्शक झिलई चढवीत. महागड्या चिनी भांड्यांना हा स्वस्त पर्याय होता. जोसाया वेजवुड याने १७६५ मध्ये राणी शार्लटसाठी चहाचा संच केला आणि ही भांडी 'क्वीन्स वेअर' म्हणून गाजली. या लोकप्रियतेत उपयुक्तता व सौंदर्य यांचा वाटा किती आणि राजाश्रयाचा किती, हा प्रश्न १७६७ मध्ये खुद्द वेजवुडलाच पडला होता. रशियाच्या कॅथरीन राणीसाठी १७७४ मध्ये पूर्ण झालेल्या ९५२ नगांच्या संचावर बाराशेहून अधिक दृश्ये रंगविली गेली. तेथे ताट ही केवळ चित्राची चौकट उरते. त्या मानाने त्याची साधी, अचित्रित भांडीच अधिक सरस वाटतात. कारण त्यांत काठ, तोटी व मूठ यांची प्रमाणबद्धता झाकली जात नाही.

थराचे नाव
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या दायमाबाद या स्थळाचा शोध १९५८ मध्ये लागला आणि १९७९ पर्यंत तेथे टप्प्याटप्प्याने उत्खनन झाले. तेथील तिसऱ्या कालखंडात, म्हणजे सुमारे इ.स.पू. १८०० ते १६०० या काळात, पिवळसर व सायीच्या रंगावर काळ्या रेषांनी भौमितिक नक्षी काढलेली भांडी आढळतात. त्यांवर झिलई नाही. माती, लेप, भाजणी आणि रेषा एवढ्यावरच त्यांचे रूप उभे आहे. मात्र दायमाबाद म्हटले की आठवतात ती १९७४ मध्ये सापडलेली रथ, हत्ती, गेंडा व रेडा ही ब्राँझशिल्पे. ती योगायोगाने हाती आली असून त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. उलट, ज्यांचा थर निश्चित आहे त्या भांड्यांना केवळ कालखंडाची खूण मानले जाते. जिल्ह्यातीलच जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी तांबड्या रंगाची भांडीही अभ्यासक्रमात कालक्रमाच्या उत्तरापुरतीच उरली आहेत.

निष्कर्ष
उत्खननकारांनी केलेले वर्गीकरण आवश्यकच होते. त्यावाचून कालनिश्चिती झाली नसती. तथापि वर्गीकरण म्हणजे आस्वाद नव्हे. वेजवुडचे भांडे राणीच्या नावाआड गेले, दायमाबादचे थराच्या क्रमांकाआड. नाव बाजूला सारून भांड्याचा काठ, जाडी, तोल आणि हाताळणी यांविषयी मराठीत लिहिले गेले पाहिजे. मूर्तीला लाभणारी समीक्षकाची नजर रोजच्या जेवणाच्या वाडग्यालाही लाभावी. प्रवरेच्या खोऱ्यातील महाविद्यालयांना या कामासाठी दूर जाण्याची गरज नाही.