वाचकाविना वाढलेली विज्ञानकथा

खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. त्यानंतर आलेले गौरवलेख मी वाचत राहिलो आणि दर वेळी एकाच जागी माझा संताप झाला. हकिगत सर्वांना पाठ आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा आली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ओळख लपवायला आद्याक्षरे उलटी केलेली, अक्षर पत्नी मंगला नारळीकरांचे. कथेला बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी तिची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’मधून कथा येऊ लागल्या, ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला, पुरस्कार मिळाले. परीक्षक, अध्यक्ष, संपादक, पुरस्कार समिती अशी ही साखळी आहे. तिच्यात वाचक कुठे आहे? कथा वाचून सांगलीच्या शिक्षकाला किंवा पुण्यातल्या कॉलेजकुमाराला काय वाटले, कुठे कंटाळा आला, कुठे पटले नाही, हा प्रश्न एकाही लेखात मला भेटला नाही.

हा दोष गौरवलेख लिहिणाऱ्यांपुरता नाही. मराठी विज्ञानकथेची आपली सगळी समीक्षा अशीच वरून खाली लिहिलेली आहे. कोणाला कितवे बक्षीस, कोणाच्या पुस्तकाला कोणत्या शास्त्रज्ञाची प्रस्तावना, कोणत्या कथेत विज्ञान किती बिनचूक. वाचणाऱ्याने काय केले त्याचा पत्ता नाही. निरंजन घाटे यांच्या ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’सारखे, एका माणसाचे वाचनआयुष्य सांगणारे पुस्तक म्हणूनच मला डझनभर समीक्षाग्रंथांहून मोलाचे वाटते.

ज्या मुलखात, म्हणजे अमेरिकेत, ही कला पहिल्यांदा बाजारात मासिकरूपाने उभी राहिली, तिथे काय झाले ते पाहा. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले आणि जानेवारी १९२७ पासून त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर सुरू केले. पत्राखाली तो लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापी. एवढ्या एका गोष्टीने चमत्कार केला. संपादकाला पत्र लिहिणारी पोरे थेट एकमेकांना लिहू लागली, मंडळे निघाली आणि १९३० मध्ये ‘द कॉमेट’ हे वाचकांनीच चालवलेले पहिले चाहतेपत्र निघाले. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या शाळकरी मित्रांनी ‘सायन्स फिक्शन’ नावाचे असेच घरगुती पत्र चालवले. त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकात त्यांनी सुपरमॅन हे नाव पहिल्यांदा वापरले.

पण माझ्या मते या सगळ्यांत शिरोमणी म्हणजे ‘द फँटसी फॅन’. चार्ल्स हॉर्निग नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने सप्टेंबर १९३३ मध्ये ते सुरू केले, फेब्रुवारी १९३५ मध्ये ते बंद पडले. दीड वर्षाचे आयुष्य. त्यात ‘द बॉयलिंग पॉइंट’ म्हणून एक सदर होते, केवळ भांडणासाठी राखलेले. फॉरेस्ट अ‍ॅकरमन या सोळा वर्षांच्या वाचकाने तिथे क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ या नावाजलेल्या लेखकावर तोफ डागली. मंगळाच्या पोटातल्या एका भयंकर प्राण्याची स्मिथची कथा गर्न्सबॅकच्या ‘वंडर स्टोरीज’ मासिकाने छापली होती. अ‍ॅकरमनचे म्हणणे असे की ही भयकथा आहे, विज्ञानकथांच्या मासिकात तिचे काय काम? स्मिथने स्वतः उत्तर दिले. एच. पी. लव्हक्राफ्ट स्मिथच्या बाजूने उतरला. इतर वाचक दोन्हीकडून तुटून पडले. विज्ञानकथेची हद्द कुठे संपते आणि भयाची कुठे सुरू होते, हा प्रश्न तिथे प्राध्यापकाच्या टेबलावर आला नाही, एका मुलाच्या चिडीतून आला. त्या चिडीला ज्येष्ठ लेखकांनी बरोबरीने उत्तर दिले. आणि गर्न्सबॅकने काय केले? हॉर्निगचे चाहतेपत्र पाहून त्याने त्या सतरा वर्षांच्या पोरालाच ‘वंडर स्टोरीज’चे संपादन दिले.

आता आपल्याकडे या. हाच वाद पुण्यात घडायला हवा होता. त्यासाठी लागणारी दोन्ही माणसे इथेच होती. एक नारळीकर, दुसरे भयकथाकार नारायण धारप. धारप विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी ‘समर्थ’ मालिका लिहिली, ‘लुचाई’ आणि ‘शपथ’मध्ये स्टीफन किंगला मराठी मातीत उतरवले, तसेच ‘गोग्रॅमचा चितार’ आणि ‘नेनचिम’सारख्या विज्ञानकल्पिताच्या वाटेवरच्या कादंबऱ्याही लिहिल्या. ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या उभारणीसाठी नारळीकर पुण्यात आले तेव्हापासून २००८ मध्ये धारप जाईपर्यंत, जवळजवळ दोन दशके ही दोन माणसे एका शहरात राहत होती. एक म्हणत होता की कथेने वैज्ञानिक दृष्टी रुजवावी. दुसरा त्याच दृष्टीच्या कडेला उभा राहून अंधारात काय आहे ते दाखवत होता. वाचक दोघांनाही वाचत होता, बहुधा एकाच फिरत्या वाचनालयातून, एकाच आठवड्यात. या वाचकाला विचारले असते तर त्याने सांगितले असते की कृष्णविवराच्या कडेला वाटणारी भीती आणि धारपांच्या जुन्या वाड्यातली भीती एकमेकींच्या किती जवळ आहेत. पण त्याला कोणी विचारलेच नाही. धारप विज्ञानकथेच्या चर्चेत बसत नाहीत, हे परस्पर ठरून गेले. वाद झाला असता आणि धारप हरले असते तर मला दुःख नव्हते. इथे वादच झाला नाही, नुसती हकालपट्टी झाली. आज धारपांच्या नव्या आवृत्त्या निघताहेत आणि ‘तुंबाड’ चित्रपटाची चर्चा करताना त्यांच्या ‘आजी’ कथेचे नाव निघते. वाचकाने आपला निकाल कधीच दिला होता, समीक्षेच्या कानावर तो आता पडतो आहे.

   

कोणी म्हणेल, मराठी वाचकाला पत्र लिहायची सवयच नव्हती. हे साफ खोटे आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ मध्ये खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि न्यायालयात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. विद्या बाळांनी १९८९ मध्ये पुण्यातून ‘मिळून साऱ्याजणी’ काढले, तेव्हा बायका काय लिहून पाठवतात यावर त्या मासिकाचा जीव उभा राहिला. साधनांचीही वाण नव्हती. मुंबईत १९५४-५५ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढले. त्याच प्रकारच्या यंत्रावर अमेरिकेतली पोरे आपली चाहतेपत्रे काढत होती. कवींना जे सुचले ते विज्ञानकथेच्या वाचकांना सुचले नाही, कारण आपल्याला मत असू शकते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी फक्त ‘विज्ञानप्रसार’ करून घ्यायचा होता. ज्याला शिकवायचे त्याचे मत कोण घेतो?

स्वतः नारळीकर या बाबतीत आपल्या अनुयायांपेक्षा कितीतरी मोकळे होते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. आणि ती येई. विज्ञानाबद्दल विचारणाऱ्या पोराला देशातला एक मोठा खगोलशास्त्रज्ञ उत्तर देत होता. मग ‘तुमच्या कथेतली माणसे मला माणसे वाटत नाहीत’ असे लिहिणाऱ्या पोरासाठी एक पान राखणे मराठी संपादकांना का जमू नये?

यामागे दिवाळी अंकाची व्यवस्थाही आहे. अनंत अंतरकरांचे ‘नवल’ महिन्याला निघत होते तोवर निदान शक्यता होती. पुढे तेही दिवाळीपुरते उरले. १९६१ पासून निघणाऱ्या ‘धनंजय’ने रहस्य, भय आणि विज्ञान यांना एका मुखपृष्ठाआड नांदवले. याबद्दल त्याचे ऋण मोठे आहे, पण तोही वर्षातून एकदाच येतो. नोव्हेंबरात पाठवलेल्या पत्राला पुढच्या नोव्हेंबरात उत्तर मिळत असेल तर भांडण पेटणार कसे? अ‍ॅकरमनला पुढच्याच महिन्यात उत्तर मिळाले होते. ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी मासिकात नोव्हेंबर १९४८ ला रिचर्ड होएन या वाचकाने एक खोडकर पत्र लिहिले: वर्षभर पुढच्या, न निघालेल्या अंकाचे परीक्षण, कथांच्या आणि लेखकांच्या नावांसह. संपादक जॉन कॅम्पबेलने हाइनलाइन, अ‍ॅसिमॉव्ह, स्टर्जन यांच्याकडून कथा लिहवून घेतल्या आणि नोव्हेंबर १९४९ चा अंक जवळजवळ तसाच काढून दाखवला. एका वाचकाच्या पत्राने अंक घडला. आपल्याकडे अंक घडतो तो जाहिरातदाराच्या तारखांनी.

आणि जी पत्रे आली ती गेली कुठे? कथाकार जी. ए. कुलकर्णींची पत्रे आपण खंडाखंडांनी छापली. आनंद अंतरकरांनी त्यांच्याशी जुळलेल्या पत्रमैत्रीवर ‘एक धारवाडी कहाणी’ लिहिली. ती पुस्तके मला प्रिय आहेत. पण पत्र जपायचे ते लेखकाचेच, हा नियम कोणी केला? वाचकाचे पत्र रद्दीत जाते, आणि मासिकांचे खंड बांधताना कथा आणि लेख सांभाळले की काम झाले असे मानले जाते. संशोधक मग त्या खंडांवरून प्रबंध लिहितो आणि वाचक नव्हताच असा निष्कर्ष काढतो.

वाचकांची मते उथळ असतात, हा आक्षेप मला माहीत आहे. असतात. ‘द फँटसी फॅन’मधलीही अनेक पत्रे पोरकट आहेत, व्यक्तिगत आहेत, चुकीची आहेत. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथेचे पहिले जागतिक संमेलन भरले तेव्हा चाहत्यांच्या एका गटाने दुसऱ्या गटातल्या सहा जणांना दारातच अडवले. त्या सहांत फ्रेडरिक पोल होता, डोनाल्ड वोलहाइम होता. दोघेही पुढे मोठे संपादक झाले. अशा भांडखोर पोरांतूनच त्या कलेला तिचे संपादक मिळाले. आपल्या सभ्य, बक्षीसपात्र, निर्दोष विज्ञानकथेने पन्नास वर्षांत वाचकांतून वर आलेला एक तरी संपादक दाखवावा.

महाराष्ट्र साहित्य परिषदेने, पुणे नगर वाचन मंदिराने, मराठी विज्ञान परिषदेने आपापल्या कपाटांतली मासिके उघडून वाचकपत्रांची पाने वेगळी नोंदवायला घ्यावीत. आणि येत्या दिवाळीत विज्ञानकथा छापणाऱ्या प्रत्येक संपादकाने शास्त्रज्ञाची प्रस्तावना गाळून ती पाने मागच्या वर्षीच्या अंकावर चिडलेल्या वाचकांना द्यावीत, त्यांच्या नावागावासकट, लेखकांच्या उत्तरांसकट.