न्यायनिर्णयातील गैरहजर वाचक : बंगळुरूचे दोन निकाल आणि ग्रंथजप्तीची मराठी स्मृती

न्यायालयाचा निकाल हा विधिज्ञांच्या अभ्यासाचा विषय मानला जातो आणि साहित्यसमीक्षा त्याच्याकडे सहसा वळत नाही. परंतु ज्या निकालाचा विषयच कोणी काय लिहावे आणि कोणी काय वाचावे हा असतो, तो एक संहिता म्हणूनही वाचला जाणे आवश्यक ठरते. त्या संहितेत कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो, कोणती रूपके योजतो आणि कोणाचा उल्लेखच टाळतो, हे प्रश्न केवळ शैलीचे राहत नाहीत. ट्विटर, आणि नामांतरानंतरची एक्स कॉर्प, या कंपनीने केंद्र सरकारविरुद्ध केलेल्या दोन याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने बंगळुरू येथे अनुक्रमे ३० जून २०२३ आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळल्या. पहिला निकाल न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित यांचा, दुसरा न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांचा. दोन्ही संहितांत राज्यसंस्था आहे आणि बलाढ्य परदेशी कंपनी आहे. ज्याचे लेखन रोखले गेले तो लेखक कडेला उभा आहे. ते लेखन जो वाचणार होता तो वाचक मात्र जवळजवळ कोठेच नाही. ही अनुपस्थिती योगायोगाची नाही, वादाच्या मांडणीतूनच ती निर्माण झाली आहे.

पहिल्या वादाचा मूलाधार माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ हा आहे. देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी इंटरनेटवरील मजकूर लोकांपासून रोखण्याचा अधिकार हे कलम केंद्र सरकारला देते आणि कारणे लेखी नोंदविण्याची अटही घालते. त्याखालील २००९ च्या नियमांतील सोळावा नियम मात्र तक्रार आणि तिच्यावरील कार्यवाही कटाक्षाने गोपनीय ठेवावयास सांगतो. म्हणजे कारणे लिहावयाची, परंतु ती कोणी वाचावयाची नाहीत. फेब्रुवारी २०२१ पासूनच्या सुमारे वर्षभरात निघालेल्या अशा आदेशांपैकी ३९ दुव्यांविषयीचे आदेश ट्विटरने जुलै २०२२ मध्ये आव्हानित केले. ते न्यायालयात सादर झाले तेही बंद लिफाफ्यात. एक मजकूर रोखणारा दुसरा मजकूर, आणि तोही मोहोरबंद, अशी ही दुहेरी अदृश्यता आहे.

न्यायमूर्ती दीक्षित यांनी वादातून आठ प्रश्न काढले. कंपनीला याचिका करण्याचा अधिकार आहे काय, या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर तेवढे कंपनीच्या बाजूने आले. पुढे मात्र अनुच्छेद १९ चे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकांसाठी आहे, परदेशी कंपनीला ते मागता येत नाही, असा निर्णय झाला. एखादा विशिष्ट मजकूरच नव्हे तर संपूर्ण खाते रोखण्याचाही अधिकार शासनास आहे, असेही ठरले. याचिका फेटाळून ५० लाख रुपयांचा खर्चही कंपनीवर लादण्यात आला. निकाल जाहीर करताना न्यायमूर्तींनी काढलेले एक उद्गार त्या वेळी बरेच गाजले : याचिकाकर्ता हा कायद्याची ओळख नसलेला शेतकरी अथवा सामान्य माणूस नाही, अब्जावधी डॉलरची कंपनी आहे, असा त्यांचा आशय होता. कंपनीपुरता हा युक्तिवाद बिनतोड आहे. तिने आदेश दीर्घकाळ पाळले नाहीत आणि मग न्यायालयाचे दार ठोठावले, हा न्यायमूर्तींचा आक्षेपही रास्त आहे. पण दृष्टान्ताची निवड समीक्षकास थांबविणारी आहे. २०२१ च्या आरंभी दिल्लीच्या सीमेवर शेतकरी आंदोलन चालू होते आणि ट्विटरवरील कित्येक खाती त्याच संदर्भात रोखण्याचे आदेश निघाले होते. ज्याच्या बाजूने वा ज्याच्याविषयी लिहिले गेले तो शेतकरी निकालाच्या प्रसंगी अवतरतो, तो केवळ अज्ञानाचे उपमान म्हणून.

याहून सूक्ष्म, आणि अधिक परिणामकारक, बाब 'किंवा' या शब्दाची आहे. नियम ८ प्रमाणे मजकूर रोखण्यापूर्वी संबंधित व्यक्तीचा 'किंवा' मध्यस्थाचा शोध घेऊन सूचना द्यावयाची असते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात कलम ६९अ वैध ठरविले ते या संरक्षणांच्या आधारावर, आणि मजकुराचा कर्ता ओळखता येत असेल तर त्याचेही म्हणणे ऐकले पाहिजे असा त्या नियमाचा अन्वय तेथे लावला गेला. त्याच निकालाने रद्द केलेल्या कलम ६६अ विरुद्धच्या लढ्याची ठिणगी महाराष्ट्रात पडली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयी फेसबुकवर व्यक्त झाल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. २०२३ च्या निकालात मात्र 'किंवा' हा विकल्प शासनाच्या हाती दिला गेला : मध्यस्थाला सूचना दिली की पुरे. व्याकरणात ज्याला विकल्पबोधक अव्यय म्हणतात, त्या एका शब्दावर लेखकाचा ऐकून घेतले जाण्याचा अधिकार असा लोंबकळतो आहे.

येथे मराठी वाचकास आपल्याच इतिहासातील एक वेगळी व्यवस्था आठवल्यावाचून राहत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा 'निबंधमाले'तील 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध लेखकाच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी, १९१० मध्ये, ब्रिटिश सरकारने जप्त केला. ती बंदी १९३७ मध्ये उठली. १९१० चा वृत्तपत्र कायदा जुलमी होता यात दुमत नाही. तरीही त्या कायद्यानुसार जप्तीचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करावा लागे, शासनाच्या मताची कारणे त्यात नमूद करावी लागत आणि हितसंबंध असणाऱ्या व्यक्तीस दोन महिन्यांत उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येई. या तरतुदी कागदावर किती आणि व्यवहारात किती होत्या, हे वेगळे. १९१३ मध्ये मोहम्मद अली यांच्या पत्रकाच्या जप्तीविषयी कलकत्ता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती जेन्किन्स यांनी अधिसूचनेत कारणेच नाहीत असे मान्य केले, आणि कायद्याने हात बांधले असल्यामुळे हस्तक्षेप करता येत नाही असेही म्हटले. परंतु उणीव दाखविता आली ती अधिसूचना सर्वांपुढे होती म्हणूनच. काय बंद झाले आणि कशासाठी, हे सत्तेने जाहीरपणे लिहावे, हा दंडक साम्राज्यानेही मान्य केला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच दंडक फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ व ९६ मध्ये आला आणि त्याने महाराष्ट्रातच आपले मोल सिद्ध केले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी ग्रंथाच्या प्रकरणात, जानेवारी २००४ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवरील हल्ल्यानंतर, राज्य शासनाने जप्तीचा मार्ग स्वीकारला. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये जप्तीचा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० रोजी तो निर्णय कायम केला. कोणत्या समाजघटकांत वैर निर्माण होईल हे अधिसूचना सांगतच नाही, ही त्यातील निर्णायक उणीव ठरली. ग्रंथाच्या गुणवत्तेविषयी, त्यातील काही विधानांच्या सवंगपणाविषयी तीव्र मतभेद होते आणि आहेत. अभ्यासकांनीही तो ग्रंथ वाखाणला असे नाही. पण प्रस्तुत संदर्भात महत्त्वाचे आहे ते असे की न्यायालयात गेलेले अर्जदार, ज्यांत चित्रपटकार आनंद पटवर्धन होते, त्या ग्रंथाचे लेखकही नव्हते आणि प्रकाशकही. ते वाचक होते. 'कोणताही हितसंबंध असणारी कोणतीही व्यक्ती' या कलम ९६ च्या शब्दयोजनेत वाचकाला जागा आहे. बंगळुरूच्या वादात त्याला जागा नाही, कारण काय रोखले गेले हे त्याला कळण्याची सोयच नाही. जे गमावल्याची वार्ताही पोचत नाही, त्यावर हक्क सांगणार तरी कोण?

अर्थात शासनाची भीती केवळ सबब आहे असे मानणे उथळपणाचे होईल, आणि बंगळुरूविषयी बोलताना तर विशेषच. ऑगस्ट २०१२ मध्ये याच शहरातून ईशान्य भारतातील हजारो लोक गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून निघून गेले. हल्ले होणार अशा अफवा मोबाइल संदेशांतून पसरल्या होत्या. सरकारने काही दिवस एका वेळी पाचच्या वर संदेश पाठविण्यास बंदी केली आणि सुमारे ३०० दुवे व खाती रोखली. त्या यादीचे विश्लेषण बंगळुरूच्याच सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने प्रसिद्ध केले, त्यामुळे बंदीची व्याप्ती कितपत समर्थनीय होती यावर तारीखवार, दुवावार चर्चा होऊ शकली. अफवेला आवर घालण्याची निकड आणि त्या आवराची तपासणी या दोन्ही गोष्टी तेव्हा एकाच महिन्यात शक्य झाल्या होत्या. गोपनीयतेवाचून सुव्यवस्था राखता येत नाही, या गृहीतकाला हा प्रसंग पुरेसा छेद देतो.

२०२५ चा निकाल शैलीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाकांक्षी आहे. येथील वाद गृह मंत्रालयाच्या 'सहयोग' या संकेतस्थळाविषयी आणि कलम ७९(३)(ब) विषयी होता. या व्यवस्थेत वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी आणि पोलीस मध्यस्थ कंपन्यांना मजकूर हटविण्याची सूचना थेट देऊ शकतात. न हटविल्यास कंपनी आपले कायदेशीर संरक्षण गमावते. कलम ६९अ ची समिती, तिची कारणे, तिचे नियम यांना वळसा घालण्याची ही वाट आहे, असा कंपनीचा आरोप होता. सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी उद्या कोणीही सोम्यागोम्या अधिकारी हे करील अशा अर्थाची इंग्रजी उक्ती वापरली आणि हे अधिकारी वैधानिक पदाधिकारी आहेत, असे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी खडसावले. मेहता यांनीही 'सुप्रीम कोर्ट ऑफ कर्नाटक' नावाचे बनावट खाते न्यायालयाला उघडून दाखविले. दोन्ही पक्षांची ही नाट्यमयता एकाच गोष्टीची साक्ष देते : वाद अधिकारी विश्वासार्ह की कंपनी, या प्रश्नाभोवती फिरत राहिला.

निकालाची निवेदनरीती इतिहासाचा आधार घेते. दूतांच्या काळापासून टपालापर्यंत आणि तेथून व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्रॅमपर्यंत माहितीचे दळणवळण कधीच अनियंत्रित नव्हते, असा तिचा आशय आहे. अमेरिकेचा न्यायविचार भारतीय संविधानाच्या भूमीत रुजविता येणार नाही, असे भूमीचे रूपक तेथे येते. भारतीय बाजारपेठ म्हणजे क्रीडांगण नव्हे, असे बजावलेही जाते. परदेशी कंपनी स्वदेशातील कायदा मुकाट पाळते आणि येथे मात्र तत्त्वाची भाषा बोलते, हा निकालातील टोला अचूक आहे. पण नियंत्रणाचा हा इतिहास अर्धाच सांगितलेला आहे. नियंत्रणाच्या जोडीने कारणे प्रसिद्ध करण्याचा आणि त्या कारणांना आव्हान देण्याचाही इतिहास याच भूमीत घडला. चिपळूणकरांच्या निबंधापासून लेन यांच्या ग्रंथापर्यंतचा प्रवास हा अमेरिकेहून आयात केलेला नाही. भूमीच्या रूपकात हे पीक मोजलेच गेले नाही.

तुलनेसाठी मुंबई उच्च न्यायालयासमोरील समकालीन वाद पाहण्याजोगा आहे. केंद्र शासनाच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा वा भ्रामक आहे काय, हे शासनाच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवावे अशी २०२३ ची नियमदुरुस्ती तेथे आव्हानित झाली. याचिकाकर्त्यांत विनोदकार कुणाल कामरा होते, म्हणजे स्वतः लिहिणारा-बोलणारा नागरिक. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल व न्यायमूर्ती नीला गोखले यांचे मत विभागले गेले. २० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी न्यायमूर्ती पटेल यांच्या बाजूने कौल दिला. 'खोटे', 'भ्रामक' हे शब्द संदिग्ध आहेत आणि त्यांच्या धाकाने लेखणी आधीच आखडते, हा विचार त्या निकालाच्या केंद्रस्थानी आला. कायदा तोच, संविधान तेच. वादी नागरिक असला की चर्चा शब्दांच्या अर्थाकडे वळते आणि वादी कंपनी असली की तिच्या उद्दामपणाकडे, असे या दोन शहरांतील निकाल शेजारी ठेवून वाचता दिसते. बंगळुरूच्या न्यायालयापुढे कंपनी उभी होती म्हणून तेथे कंपनीविषयी लिहिले गेले, असे समर्थन करता येईल. परंतु गोपनीयतेच्या नियमामुळे लेखकाला बहुधा आदेशाची प्रतच मिळत नसेल, तर कंपनीऐवजी दुसरे कोण उभे राहणार होते, हा प्रश्न निकालाने स्वतःस विचारावयास हवा होता.

दुसऱ्या निकालानंतर महिना उलटण्याच्या आत, २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने आपलेच नियम दुरुस्त केले. १५ नोव्हेंबरपासून अशी सूचना सहसचिव दर्जाच्या, आणि पोलिसांच्या बाबतीत उपमहानिरीक्षक दर्जाच्या, अधिकाऱ्याकडूनच यावी, तीत कायदेशीर आधार आणि नेमका दुवा नमूद असावा, आणि सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने दरमहा अशा सूचनांची फेरतपासणी करावी, असे ठरले. न्यायालयात अनावश्यक ठरविलेला आक्षेप अशा रीतीने शासनाने काही अंशी मान्यच केला. पण कारणे नमूद केलेली ही सूचना जाते ती मध्यस्थ कंपनीकडे, आणि फेरतपासणी होते ती शासनाच्या दालनात. पुस्तकाच्या जप्तीची कारणे अधिसूचनेत छापण्याचे बंधन १९१० पासून आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ पर्यंत चालत आले आहे. दुव्यांच्या बाबतीत ते २००९ च्या नियमांत नव्हते, आणि या दुरुस्तीतही आलेले नाही.