संध्याकाळ कोणाच्या हातात?

तरुणांच्या मालिकेचा जीव मोकळ्या संध्याकाळीत असतो. कट्टा, कॅन्टीन, गच्ची. इथं पात्रं जमतात, भांडतात, प्रेमात पडतात आणि दुसऱ्या दिवशीचा भाग पुन्हा तिथूनच सुरू होतो. जालना जिल्ह्यात बसून या मालिका पाहताना मला आधी या वेळेचाच प्रश्न पडतो. अंबड किंवा घनसावंगीच्या कॉलेजातून सुटलेल्या मुलीची शेवटची एसटी गेली, तर ती घरी कशी जाणार? आई-बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला गेले, तर दहावीतल्या पोराला रात्री जेवायला कोण वाढतं? पडद्यावरचा वर्गभेद आपण कपड्यांत, बोलीत आणि गाडीत शोधतो. मला तो सगळ्यात ठळक दिसतो तो वेळेत: संध्याकाळ कोणाच्या मालकीची, यात.

1990च्या सुमारास दूरदर्शनवर आलेला ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ अनाथ होता. त्याचं पोरकेपण चांगल्या माणसांच्या मायेत विरघळलं. झी मराठीच्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’नं (2015-16) सासू-सुनांच्या दिवाणखान्यातून प्रेक्षकाला बाहेर काढलं. मुंबईतला एक फ्लॅट, वेगवेगळ्या घरांतून आलेली सहा तरुण मुलं-मुली आणि त्यांचं ‘माजघर’. मांडणी ताजी होती, बोलणं जिवंत होतं. पैशाची चणचण मात्र तिथं बहुतेकदा विनोदाच्या कामी येते आणि भाग संपता संपता मिटते.

‘लागिरं झालं जी’ (2017-19) सातारी बोली घेऊन गावात उतरली. मामा-मामीकडे वाढलेला अज्या आणि सधन घरची शीतल यांच्यातलं अंतर तिनं लपवलं नाही. ते अंतर तिनं भरून काढलं फौजेच्या वर्दीनं. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं आमच्याकडेही गावोगाव दिसतात, म्हणून या स्वप्नाचं मोल मी जाणतो. पण भरतीत मागं राहिलेल्या पोराचं पुढं काय झालं, ही गोष्ट सांगायची राहून गेली.

नेटफ्लिक्सची ‘क्लास’ (2023) जास्त धीट आहे. स्पॅनिश ‘एलिट’वर बेतलेल्या या हिंदी मालिकेत दिल्लीच्या श्रीमंत शाळेत बाहेरची तीन मुलं येतात, आणि एका खुनाच्या तपासातून कथा मागं-पुढं फिरते. जात, धर्म आणि पैसा इथं उघडपणे बोलले जातात. तरीही या मुलांना कथेत शिरायला श्रीमंतांच्या शाळेचं फाटकच लागतं.

यामागं धंद्याची एक सोयही आहे. रोजच्या मालिकेला ठरलेला सेट आणि रोज हाताशी असलेली पात्रं लागतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गाव सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारं पात्र त्या वेळापत्रकात बसत नाही. कामासाठी गावाबाहेर गेलेला माणूस मग कथेबाहेरही जातो.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’नं (2014) नेमकी हीच अडचण कथेचा कणा केली. जब्याला शाळेत जायचंय, शालूला पाहायचंय; पण डुकरं धरायला हाक येते आणि त्याचा दिवस त्याच्या हातातून निसटतो. काम प्रेमकथेला अडवतं, आणि त्या अडवण्यातूनच कथानक पुढं सरकतं. चित्रपटाला हे साधलं. मालिकेला अजून साधायचं आहे.

त्यासाठी लागणारी भाषा आणि माणसं जालन्यात आहेत. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी ‘आकडा’ नाटकात गावातली वीजचोरी मांडली. त्यांनीच लिहिलेलं, संभाजी भगत यांच्या संकल्पनेवरचं आणि नंदू माधव दिग्दर्शित ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012 साली रंगमंचावर आलं. जालन्याकडच्या शेतकरी कलावंतांनी ते मुंबई-पुण्यात गाजवलं. आमची बोली शहरात कळत नाही, ही सबब तेव्हाच निकालात निघाली.

विषय तर दारातच उभा आहे. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीमागं. त्यामुळं हंगाम जवळ आला की घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होण्याची भीती असते. बारावीचा फॉर्म आधी भरला जाईल की सुपारी आधी फुटेल? टोळीचा ट्रक निघायची तारीख ठरलेली आहे. कथाकाराला याहून नेमका ताण कुठं मिळणार?

‘दिल दोस्ती’ची कल्पना लोकांना भावली, कारण तिथं मोठी माणसं नव्हती, पोरंच पोरांना सांभाळत होती. उसाच्या हंगामात आमच्या तांड्या-वस्त्यांवर असं माजघर कितीतरी घरांत मांडलेलं असतं. आई-बाप कारखान्यावर, घरात थकलेली आजी, चुलीपाशी मोठी बहीण आणि तिच्या मांडीवर उघडं पुस्तक. त्या घरातली संध्याकाळ मालिकेत यायला हवी, आणि त्या बहिणीला भाकरी थापणं थांबवायला न लावता यायला हवी.