विसरणाऱ्याचे व्याकरण

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या घरी माझी आत्या अखेरची काही वर्षे होती. भेटायला येणारे नातलग तिला एकच प्रश्न विचारीत : ‘आत्या, मी कोण, सांग पाहू?’ उत्तर चुकले की विचारणाऱ्याचा चेहरा पडे. एखादी भाची रुसून म्हणे, ‘मला विसरलीस ना?’ आणि आत्या ओशाळून म्हणे, ‘चुकले गं.’ हा प्रश्न मीही अनेकदा विचारला आहे. तिचे हे ‘चुकले’ कोठून आले, याचा विचार मात्र ती गेल्यावर सुचला, आणि तो मला वैद्यकाकडे न नेता मराठी भाषेकडे व साहित्याकडे घेऊन गेला.

मराठीत ‘मला आठवते’. आठवणारा येथे चतुर्थीत आहे. आठवण त्याच्याकडे येते, तो तिचा कर्ता नव्हे. पण ‘मी विसरतो’, ‘मी विसरलो’. येथे ‘मी’ प्रथमेत, कर्ता म्हणून उभा आहे. ‘मी विसरलो’ आणि ‘मी चुकलो’ एकाच साच्यातील वाक्ये आहेत. स्मरण हे घडणे आणि विस्मरण हे करणे, अशी वाटणी आपल्या व्याकरणाने करून ठेवली आहे. ‘मला विसर पडला’ हा सौम्य पर्याय भाषेत आहे खरा, परंतु तो आपण बहुधा स्वतःसाठी राखून ठेवतो. दुसऱ्याला ‘तू विसरलास’ असेच सुनावतो.

शब्दसंग्रहही याच वळणाचा आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण थट्टेची आहे. ‘म्हातारचळ’ या शब्दात तर अशोभनीय वर्तनाचा ठपका उघडच आहे. सुशिक्षितांनी योजलेला ‘स्मृतिभ्रंश’ निर्मळ, शास्त्रीय वाटतो; पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो विषयचिंतन, आसक्ती, काम, क्रोध आणि संमोह यांच्या मागून येतो आणि त्याच्या पुढे बुद्धिनाश असतो. अर्थात तेथे त्याला नैतिक कारणपरंपरा आहे. अल्झायमरच्या आजारात अशी परंपरा नाही. मेंदूत प्रथिनांचे साठे होतात, पेशी मरत जातात. बहुधा नव्या स्मृती घडविणारा भाग आधी बाधित होतो, म्हणून सकाळचे जेवण पुसले जाते आणि बालपण उरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख माणसांना, म्हणजे शंभरांत सातांहून अधिकांना, डिमेन्शिया आहे. इतक्या माणसांसाठी आपल्याजवळचे शब्द एकतर थट्टेचे आहेत, नाहीतर दोषारोपाचे.

विस्मरणाची आपली सर्वश्रेष्ठ कथा शकुंतलेची. महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते. तो जाणून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून राजाला दोषमुक्त केले. निर्दोष विस्मरण कल्पिण्यासाठी त्या महाकवीलाही शापाची योजना करावी लागली, हे लक्षणीय आहे. शापासोबत उःशापही आला, आणि अंगठी. अॅरिस्टॉटलने शोकात्म कथानकाच्या संदर्भात ज्या ‘ओळख पटण्या’चे महत्त्व सांगितले, तेच हे अभिज्ञान. ‘मी कोण, सांग पाहू?’ असे विचारणारा प्रत्येक जण वस्तुतः अंगठी दाखवीत असतो. या आजारात अंगठी नाही, हे त्याला मान्य नसते.

या आजाराच्या इतिहासाचा आरंभही अशाच प्रश्नोत्तरांनी व्हावा, हा योगायोग अस्वस्थ करतो. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांच्या आउगुस्टेला डॉ. अल्झायमर यांनी नाव विचारले : आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचे नाव? तेही आउगुस्टेच. ती नापास झाली, असे वाचणे सोपे आहे. सर्व नाती गेल्यावर उरलेले एकच नाव ती सर्वत्र वापरीत होती, असेही वाचता येते.

मराठी रंगभूमीवरील वार्धक्याकडे या दृष्टीने पाहावे. ‘नटसम्राट’ (१९७०) असो की दळवींचे ‘संध्याछाया’, तेथील वेदना मुले दुरावल्याची, मुलांनी विसरल्याची आहे. आईबाप मुलांना विसरतात ही उलटी शक्यता त्या नाट्यचौकटीत बसत नाही, कारण तेथे दोष कोणावर ठेवावा हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने (२०१३) ही चौकट मोडली. संस्कृतचे निवृत्त पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागून चालत जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. डॉ. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांच्या या प्रसंगांचे मर्म असे की चन्नम्मा ओळखीची मागणीच करीत नाही. म्हातारा तिला आई म्हणतो, ती आई होते. मुलगी इरा शोधते आहे ती वडिलांना, आणि काही अंशी वडिलांच्या नजरेतील स्वतःलाही; चन्नम्माला असे काही परत मिळवायचे नाही. माझा आक्षेप आहे तो नायकाच्या पांडित्याविषयी. शास्त्रींचे विसरणे ज्ञानाच्या वलयामुळे वैराग्याच्या जवळ जाते, आणि चित्रपटाचे शीर्षक त्यावर स्वीकाराची मुद्रा उमटवते. आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईच्या विसरण्याला असे वलय कोण देणार? ‘थ्री ऑफ अस’ (२०२२) या हिंदी चित्रपटात वेंगुर्ल्याला परतणारी शैलजा सामान्य कारकून आहे आणि दृष्टीही बरीचशी तिचीच आहे, ही मोठी जमेची बाजू. मात्र तिची भाषा शाबूत आहे तोवरच चित्रपट संपतो.

खरी कसोटी गद्याची आहे. प्रथमपुरुषी निवेदन ‘मी’च्या सातत्यावर उभे असते, ते सातत्य सुटल्यावर वाक्य कोणी बोलायचे? माझ्या वाचनात आलेले मराठी लेखन येथे शुश्रूषा करणाऱ्याकडे वळते, त्याचा शीण सांगते. तो शीण खरा आहे. पण त्या लेखनात विसरणारा माणूस विषय होतो, निवेदक होत नाही. ज्या भाषेजवळ ‘मला भूक लागते’, ‘मला भीती वाटते’, ‘मला दिसते’ अशी कर्तेपणाचा ताठा नसलेली वाक्ये विपुल आहेत, तिला हे अशक्य असू नये.

आत्याचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, कन्नड बोलणारे. साठ वर्षांचा मराठी संसार शेवटी तिच्यातून ओसरला आणि कन्नड उरली. मी तोवर प्रश्न विचारणे सोडले होते. नुसता दारात उभा राहत असे. ती खाटेवर थोडी सरकून म्हणे, ‘बा, कुंद्रु.’ ये, बस. कोणाला म्हणाली, हे मी विचारीत नसे, बसत असे.